सगळ्यांना एकाच मापाचा सदरा

न्यायाच्या नावाखाली माझ्या मावशीने जितकी माणसं छळली, तितकी अन्यायाने कुणी छळली नसतील. म्हैसूरच्या अग्रहार भागातल्या एका खासगी शाळेत ती तिसरीला शिकवायची. घरात पपई आली की जो कापेल त्याने शेवटची फोड घ्यायची, हा तिचा नियम. त्यामुळे आम्ही भावंडं सुरी एकमेकांकडे सरकवत बसायचो आणि पपई सडून जायची. मंडी मोहल्ल्यातल्या वाण्याने ‘मिस आल्या’ म्हणून तिला आधी सामान दिलं, तर ते परत करून ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायची.

मामाचं शिंपीकामाचं दुकान होतं. एका वर्षी उरल्यासुरल्या कापडातून तिने त्याच्याकडून अख्ख्या वर्गासाठी सदरे शिवून घेतले, सगळे एकाच मापाचे. ते वाटून म्हणाली, “सगळ्यांना सारखंच दिलंय, अल्वा? हो ना? घाला आता.” सगळ्यात लहान चणीची मुलगी सदऱ्यात दिसेनाशी झाली. एका गुटगुटीत मुलाचं डोकं तेवढं बाहेर आलं, हात आतच राहिले. “मिस, सारखं आहे, पण बरोबर नाही,” तो आतूनच म्हणाला.

“मग वर्गात आणखी काय असं आहे, ते शोधा,” म्हणून मावशी वह्या तपासत बसली.

मुलांनी शोधलं. बाक हजेरीच्या क्रमाने होते, त्यामुळे फळा अंधुक दिसणारी एक मुलगी शेवटी बसायची. मुलांनी तिला पुढे आणलं आणि पहिल्या बाकावरच्या, चांगली नजर असलेल्या मुलाला मागे धाडलं. तो शाळेच्या अध्यक्षांचा मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष जाब विचारायला आले. मावशीने उरलेला सदरा पुढे केला. “आधी हा घालून बघा, मग बोलू.” गृहस्थ सभ्य होते, त्यांनी घातला. तो निघेना, तेव्हा मामाला कात्री घेऊन यावं लागलं. बोलणं राहूनच गेलं. महिनाअखेरीला मावशीची बदली संस्थेच्या, म्हैसूरबाहेरच्या येलवाल गावातल्या शाळेत झाली. आई रडली. मावशी म्हणाली, “त्या पोरीला फळा दिसतोय की. पुरे.”

निघायच्या दिवशी मी तिला बसपर्यंत पोचवायला गेलो. तिथे अध्यक्षांचा मुलगा एकटाच उभा होता. मागचा बाक चांगला आहे, असं त्याने आधी सांगितलं. मग विचारलं, “मिस, तिथल्या मुलांना तुम्ही आणि आम्हाला कुणीच नाही, हे बरोबर आहे?”

मावशीने बसमध्ये बसून खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याचे केस नीट केले. नीट झालेले पुन्हा नीट केले. बस सुटली तरी खिडकीतला तिचा हात आत गेला नव्हता.