दोन्ही कर्णधारांना एकच आशीर्वाद

लातुरात माझ्या घराजवळ शिकवण्यांचे वर्ग आहेत. परीक्षा जवळ आली की तेथील मुले पाया पडायला येतात आणि मी प्रत्येकाला ‘कल्याणमस्तु’ एवढेच म्हणतो. यशाचा आशीर्वाद देत नाही. वाकलेल्या मस्तकावर उच्चारलेला शब्द खोटा पडू नये, हे व्रत मला गुरूंनी दिले आणि नांदेडच्या त्या संध्याकाळपर्यंत मी ते सांभाळले.

नांदेडला दोन परदेशांच्या विद्यार्थी संघांचा फुटबॉलचा सामना होता. आयोजकांत माझे जावई असल्याने आरंभीचे मंगलाचरण माझ्याकडे आले. ते आटोपून मी पत्नीसह पुढच्या रांगेत बसलो. मला ना या देशाशी काही कर्तव्य, ना त्या देशाशी. इतक्यात एक कर्णधार आला. येथे वडीलधाऱ्यांना नमस्कार करतात, हे त्याला कोणीतरी सांगितले असावे. तो उंच मुलगा पायांशी वाकला, सारे मैदान पाहत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेले, “विजयी भव.”

मी सावरण्याआधीच दुसरा कर्णधार वाकला. त्याला वेगळे काही म्हणणे म्हणजे पंक्तिप्रपंच. त्यालाही तेच म्हणालो.

पत्नीने पदर तोंडाला लावला. “आता दोघंही कसे जिंकायचे?”

जावई म्हणाले की सामना बरोबरीतही सुटू शकतो. मला धीर यावा, हा त्यांचा हेतू. मला मात्र माझा शब्द एकदाऐवजी दोनदा खोटा पडताना दिसला.

संध्येचे निमित्त सांगून निघावे म्हणून फाटकाशी गेलो, तर गर्दीमुळे कुलूप लागले होते. “गुर्जी, म्याच सुटल्याबिगर कुलूप निघत न्हाई. सायबाचा हुकूम हाय,” हवालदार म्हणाला आणि त्याने मोठ्या अदबीने मला खुर्चीपर्यंत परत आणून सोडले.

लोक मजेत होते. त्यांना पक्ष नव्हता. चेंडू ज्याच्या पायाशी त्याच्यासाठी ओरडत, आणि तो हिरावला गेला की हिरावणाऱ्यासाठी. एवढ्या हजारोंत मी एकटाच दोन्ही बाजूंनी बांधलेला. चेंडू कोणत्याही जाळीकडे निघाला तरी माझा श्वास अडके. डोळे मिटून नामस्मरणाचा प्रयत्न केला, पण नुसत्या आरोळ्यांवरून चेंडू कोठे आहे ते कळू लागले, तेव्हा तोही सोडला.

अखेरीस दुसऱ्या कर्णधाराच्या संघाने एकमेव गोल केला. सामना संपला, कुलूप निघाले. मी उठणार तोच हरलेला उंच मुलगा दुभाष्याला घेऊन समोर उभा राहिला. मघाच्या शब्दांचा अर्थ त्याने विचारला. मी सांगितला. दुसऱ्यालाही तेच म्हणालात का, असे विचारले. हो म्हणालो. तो रागावला नाही. परवा दुसऱ्या गावी याच संघाशी पुन्हा सामना आहे, या वेळी ते शब्द त्याच्या एकट्यासाठी म्हणावेत, एवढे मागून तो वाकला.

“कल्याणमस्तु,” मी म्हणालो.

शब्द वेगळे आहेत, हे त्याने ओळखले. तो वाकलेलाच राहिला. माझा हात त्याच्या घामेजल्या केसांवर, आणि आजूबाजूची निघालेली माणसे थांबून पाहू लागलेली.

“म्हणा की,” पत्नी हळूच म्हणाली. “लेकरू किती वेळ वाकून राहील?”

म्हणालो. या वेळी जाणूनबुजून म्हणालो. मुलगा हसत निघून गेला. फाटक सताड उघडे होते. मी मात्र खुर्चीतच बसून जावयांना विचारले, परवाचा सामना कोठे आहे आणि तेथे आपल्याला कसे जाता येईल.