गंगाधरचं रिकामं मैदान

सन दोन हजार पंचवीस. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. हट्टा गावच्या शिवारात एकाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. सकाळी पोराचा फोन आला, "बा, गंगाधरकाका गेले." मी म्हटलं, "कुठं?" खरंच, तसंच म्हटलं. गंगाधर कुठंतरी जायचाच. खेळायला लेकरं घेऊन कधी कळमनुरी, कधी वसमत. पोरगं म्हणालं, "बा, मातीला ये," तवा कळलं... बाळापूरला, आमच्या गावी पोचलो तर माणसं अंघोळी करून स्मशानातून परतत होती.

आमी दोघं दुसरीपर्यंत एका पाटीवर शिकलो. मास्तरनं मला मारलं, मी पाटी तिथंच ठेवली अन् मेंढराकडं गेलो, परत फिरलो न्हाई. गंगाधर चौथी करून अडतीवर हमाल झाला. पाठ वाकली तवा हमाली सुटली, अन् मग त्याला हे खूळ लागलं. आमच्या वस्तीतली माय-बापं हळद काढायला, कापूस वेचायला जातात, दिवे लागल्यावर घरी येतात. शाळा सुटली की लेकरं नांदेडच्या रस्त्यावर, ट्रकांच्या मधात. गंगाधरनं त्यांना गोळा केलं, बाजाराच्या मागं मोकळ्या जागेत फक्कीनं रेघा मारल्या अन् रोज सांजच्याला कबड्डी खेळवायला लागला. जागा गावातल्या बागायतदाराची, अशोकरावांची. त्यांनी खेळू दिलं, हे त्यांचं मोठेपण.

मी मेंढरं कोंडून तिथं कडेच्या दगडावर जाऊन बसायचो. मदतीला न्हाई, चुका काढायला.

"गंग्या, ही पोरं पळून राहिली का रांगून राहिली?"

"किशा, गुमान बस. तुझ्या मेंढरांपेक्षा बराबर पळतात."

एका गोष्टीवरून मात्र आमचं कधी जमलं न्हाई. आमच्या लहानपणी या खेळाला हुतूतू म्हणायचे, अन् दम धरायचा तोही हुतूतू म्हणूनच. आता कबड्डी म्हणतात. म्हणोत. मी त्या दगडावरून लेकरांना हुतूतूच शिकवायचो. कळमनुरीच्या सामन्यात पूजा, शेळ्या राखणाऱ्याची पोर, चढाईला गेली. दोघींना शिवून परत फिरली अन् घाईत तोंडातून निघालं, 'हुतूतू'. पंचानं शिट्टी मारली. दम फक्त कबड्डीचा चालतो म्हणे. गुण गेले, सामना गेला, पोर रडायला लागली. परतताना जीपमधी गंगाधर म्हणाला, "किशा, तुझ्या तोंडाला बैलाची मुसकी बांधतो."

"बांध. पंचाला खेळाचं नाव ठाऊक न्हाई, त्यात माझी काय चूक?"

"लई शाना. मग घे दम, बघू कोणाचा टिकतो."

अन् आमी दोघं म्हातारे भर जीपमधी हुतूतू घुमवत बसलो... पूजा रडता रडता हसायला लागली. दम माझाच टिकला. गंगाधरला खोकला आला, पण हार मानली न्हाई. म्हणाला, "ड्रायव्हरनं खड्ड्यात घातली, म्हणून."

गंगाधरची तेरवी झाली. सांजच्याला पाय तिकडंच वळायचे. लेकरं येऊन उभी राहायची, जराशी ढकलाढकली करायची अन् एकेक करून रस्त्याकडं निघून जायची. मी दगडावर. बोलायला कोणी न्हाई, भांडायलाही न्हाई. घरात मला बा म्हणतात, गल्लीत आबा, बाजारात मामा. किशा म्हणणारा तो एकटाच उरला होता. आता त्या नावानं मला कोणी हाक मारत न्हाई.

एक दिवस अशोकराव आले. मानानं बोलले, "आबा, खेळवणारं कोणी राहिलं न्हाई. जागा नुसती पडून हाय. उद्या तिथं शिजवलेली हळद वाळू घालतो." हळद उठली की काडीकचरा येईल, मग कोणाचे ट्रॅक्टर उभे राहतील. एकदा सुटलेली जागा लेकरांना परत मिळत न्हाई, हे मला कळत होतं. पण मी आयुष्यात कोणाकडं काही मागितलं न्हाई. तवाही मागितलं न्हाई. घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं पोराच्या हवाली केली अन् मैदानाच्या मधोमध जाऊन मांडी घालून बसलो. हळदीनं भरलेला ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर ओरडला, "आबा, उठा की!"

"न्हाई."

"काहून?"

"सांजच्याला लेकरं येणार हायत."

"अन् खेळवणार कोण?"

"मी."

त्यानं इंजिन बंद केलं अन् मालकाला फोन लावला. मी बसून राहिलो.