वृंदाचा निरोप रघूच्या हाती

वृंदा गेली, हे मला रघूकडून कळलं.

याचा राग अजून गेलेला नाही.

तिची सर्वांत जवळची मैत्रीण मी. पण तिच्या अक्कानं पहिला फोन केला रघूला.

आम्ही तिघं एकाच लॅबमधले. काम राउटिंग प्रोटोकॉलचं. टॉवर नसला तरी निरोप एका फोनवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जावा, आणि फोनवाली माणसं हिंडत असतानाही त्याला वाट सापडावी.

माझ्या पद्धतीत प्रत्येक फोन सगळ्या वाटा आधीच पाठ करून ठेवायचा.

तिच्या पद्धतीत पाठ काहीच नाही. गरज पडली की शेजारच्याला विचारायचं.

टेस्ट येलहंकाच्या एका मैदानावर. फोन घेऊन कुणी कसं चालायचं ते मी आखून दिलं होतं. सरळ रेषांत.

निरोप मिळाला की हात वर करून ओरडायचं, "सरी!" म्हणजे कन्नडमध्ये 'बरं, कळलं'. हा वृंदाचा नियम. ती राजाजीनगरच्या जुन्या मराठी घरातली, बोलण्यात निम्मं कन्नड.

मध्येच सायकलवर कापीवाला, म्हणजे कॉफीवाला, आला. रघू रेषा सोडून तिकडे वळला. मागोमाग सगळे.

माझ्या फोनांनी पाठ केलेल्या वाटा तिथेच मेल्या. नव्या शोधता शोधता बॅटऱ्याही.

वृंदा म्हणाली, "अगं पुणेकरीण, माणसं रेषेत चालत नाहीत. कापीकडे चालतात."

मग तिची पद्धत लावली. मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून तिनं निरोप सोडला.

कापीच्या घोळक्यातून हात वर. "सरी!" "सरी!"

तिचा पेपर गाजला. माझी पद्धतही त्यात आहे. तुलनेच्या तक्त्यात, हरलेल्या रकान्यात.

मी जळले. तिच्या तोंडावर सांगितलं.

"जळ स्वल्प. मग जेवायला ये."

परवा सकाळी रघू कोरमंगलाच्या माझ्या दारात उभा राहिला. त्यानं सांगितलं. मी पहिलं हेच विचारलं,

"अक्कानं मला का नाही फोन केला?"

"वृंदाच आजारपणात अक्काला आणि मला सांगून गेली होती. मला म्हणाली, ती एकटी राहते, तिला फोनवर कळायला नको. तू पलीकडच्या गल्लीत आहेस, तू जा."

शेवटचा निरोपही तिनं शेजारच्याच्याच हाती दिला.

आमच्या दोन गल्ल्यांमधलं अंतर चालून येईपर्यंत तिचं जाणं आम्हा दोघांत एकट्या रघूपाशी होतं. तेवढंही मला त्याला द्यायचं नव्हतं.

पण पोचला निरोप.

सरी, वृंदा.