आधी खालचा आवाज धरा

जॅझ-फंक ऐकायला बसलेला माणूस पहिल्याच मिनिटाला विचारतो, "गाणं कधी सुरू होणार?" या प्रश्नाचा मला वैताग येतो. सुरू झालंय बाबा. शब्द नसतात त्यात, शोधू नका. ट्रम्पेटच्या मागेही लागू नका. तो मनाला येईल तिकडे हिंडतो, तो जॅझचा भाग. आधी खालचा आवाज धरा. जाड तारांची गिटार असते, बास म्हणतात तिला. ती आणि ड्रम जमीन सोडत नाहीत. तो फंक.

हे मला बायकोने शिकवलं. ट्रम्पेटला ती भोंगा म्हणायची.

मी दिवसा बोईसरच्या कारखान्यात आणि लग्नसराईत पालघरच्या बँडमध्ये. ट्रम्पेट वाजवायचो. कॅसेट नुकत्या घरोघर यायला लागल्या होत्या. बायकोचा भाऊ मालवाहू जहाजावर होता, त्याने या जॅझ-फंकची एक आणून दिली. मी आठवडाभर ऐकली, पण चाल काही सापडेना. पालघरजवळच्या आमच्या माहीमला घरामागे बायको बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. मी टेपरेकॉर्डर पायरीवर ठेवून चरफडत होतो.

"अवो, त्या भोंग्याच्या मागं काय धावता?" ती म्हणाली. "खालचा ऐका ना. बघा कसा चालतो."

तिचे हात त्याच्यावरच चालले होते. अडकव, टाक. अडकव, टाक. मध्येच सगळी वाद्यं एकदम गप्प झाली, तर तिचाही हात जोडी धरून वरच राहिला. ठोका पडला तेव्हाच बोंबील दोरीवर पडले. मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती रिकामी जागासुद्धा वाजवलेली असते.

तेच बँडमध्ये बसवायचं खूळ मी घेतलं. नुसती डोकेफोड. साईड ड्रमवाला कारखान्यातला, माझ्याच पाळीचा. थांबायची जागा आली की हा घुर्रर्र करून ती भरून टाकायचा.

"अरे, रुक ना!"

"उस्ताद, रुकूंगा तो लडके का बाप बोलेगा, ड्रमवाला सो गया."

"बोलू दे."

"आप को थोडी बोलेगा? मेरे को बोलेगा."

बँडचं दुखणंच हे. आवाज जरा थांबला की लोकांना वाटतं, वाजवणारे कामचुकार.

शिरगावला बायकोच्या नात्यातल्या एका हळदीला मात्र ड्रमवाला थांबला. काडी निसटली असेल, मी विचारलं नाही. सगळा बँड गप्प. त्या गप्प जागेत नवऱ्याची आत्या ओरडली, "काय रं, फुंक संपली काय?" मांडव हसला. आम्ही पुन्हा ठोक्यावर आलो, तर बायकांच्या घोळक्यात एकच पाय नेमका त्या ठोक्यावर आपटला. माझ्या बायकोचा. बाकी सगळे अजून हसत होते. मग काय, लावली नेहमीची नाचाची धून. घरी येईपर्यंत मी शिव्या देत होतो.

"मला आलं ना ऐकायला?" ती म्हणाली. "मग?"

नव्वद साल उलटल्यावर ती आजारात गेली. तेराव्यानंतर मी ती कॅसेट लावली. एकट्याने ऐकवेना. तिच्यासारखं ऐकणारं एक माणूस शेजारी हवं होतं, एवढंच. तेवढ्यात तिची धाकटी बहीण भाकऱ्या घेऊन आली.

"भावजी, ताईला जाऊन किती दिस झाले? नि बाजा लावता?"

"बस. तुझी ताई ऐकायची हे."

"ह्यात ऐकायचं काय हाय? गाणं कुठं हाय?"

पुन्हा तेच! मी म्हटलं, खालचा धर. बसली बिचारी. पण तोंड चालूच. भाकरी गार होते, तिकडं माझे दोरीवरचे बोंबील कोण काढणार, तुमी असे किती दिवस बसणार. ती थांबायची जागा जवळ आली तसा मी हात वर केला.

"आता बोलू नको. एवढ्यापुरतं."

वाद्यं थांबली. तीही थांबली. ठोका पडला. पाय कुणाचाच पडला नाही. माझाही नाही, कारण मी तिच्या पायाकडे बघत होतो.

"झालं?" तिने विचारलं.

"नाय," मी म्हटलं, आणि टेप मागे घेतली. "परत ऐक. खालचा."