घंगाळावरचं नाव

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या भाजीबाजारात मेथी निवडत होते. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला... जन्मभर निलंग्याच्या एसटी आगारात इंजिनं उघडून काळवंडलेला माझा हा भाऊ, निवृत्तीनंतर कुठं स्वतःच्या आवडीचं काही करायला लागला होता. जुनी भांडी जमवायचं वेड घेतलं होतं त्यानं. पहिलंच भांडं आईचं, तिच्या लग्नात मामानं दिलेलं तांब्याचं घंगाळ. बूड फुटलेलं, काळं ठिक्कर. पण मामानं बाहेरून ठोकून घातलेलं ‘सखूबाई’ हे नाव शाबूत होतं.

नवशिक्याचा उत्साह दांडगा. दादानं ते थेट संडास धुवायच्या अ‍ॅसिडनं घासलं आणि तांब्यावर डाग पाडून घेतले. उदगीरचा म्हातारा तांबट ते बघून म्हणाला, "साहेब, हे भांडं हाय का फरशी?" मग दादानं दर रविवारी उदगीरला जाऊन, त्याच्या हाताखाली बसून बुडाला ठिगळ लावलं. नावावर मात्र चिंचेचा कोळ लावून नुसतं बोट फिरवायचा. "पॉलिशला टाक की," मी एकदा म्हटलं, तर उसळलाच. "मशीन लावली की आईचं नाव गेलं. कुणाला हात लावू देणार न्हाई मी."

आणि निलंग्याला दादाच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत बघते तर त्याच्या फोटोशेजारी घंगाळ, आरशासारखं लखलखीत. नावाच्या जागी माझंच तोंड दिसत होतं. एकेक जण उठून दादा वारसा जपणारा होता म्हणून सांगत होता. तो जिवंत असताना यांनीच त्याला भंगारवाला म्हणून चिडवलं होतं. उदगीरच्या तांबटाला तर कुणी कळवलंही नव्हतं.

"आत्या, कसं नव्यासारखं केलंय बघ," दादाचा मुलगा कौतुकानं म्हणाला.

"नाव कुठं हाय?"

"हात्तिच्या, मशीननं परत टाकून देतो. पाहिजे त्या अक्षरात."

मी घंगाळ उचललं आणि सरळ नांदेडची एसटी धरली. घरी आल्यावर आतून हात फिरवला. मामानं घातलेल्या ठोक्यांचे बारीक उंचवटे बोटाला लागले... अक्षरं उलटी, पण पुरं नाव. तेवढं आत घासायची तसदी कुणी घेतली नव्हती.

भाच्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो आतूनही चकचकीत करून आणेल.