सोपी काठी

माझी मावशी केस कापायची. चांगली शिकलेली होती, तरी काका तिला 'अंगठाबहाद्दर' म्हणायचे, कारण अख्खं घर तिच्या उजव्या अंगठ्यावर चालायचं.

पन्नाशीला टेकली आणि तोच अंगठा रुसला. बुडाशी सूज यायची. सकाळी चहाचा कपही उचलवत नसे. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजलाय. काकांनी कुठूनशी एक कात्री शोधून आणली. तिचं अंगठ्याचं कडं हाताबरोबर फिरायचं, त्यामुळे अंगठ्यावर ताण पडत नसे. मावशीने ती उघडून पाहिली आणि पुन्हा खोक्यात ठेवली.

"ही हात गेलेल्यांची कात्री. गिऱ्हाइकं म्हणतील, बाईचे दिवस भरले."

"या वयात दिवस भरले तर पेपरात नाव येईल," काका म्हणाले. ती हसली नाही.

दुकानामागे गोल्फचं मैदान होतं. तिथल्या मोठ्या स्पर्धेसाठी आलेली एक खेळाडू एका दुपारी केस कापायला आली. शाळा सुटल्यावर मी दुकानातच असायचे, केस झाडायला. निम्मे केस झाले नसतील तोच मावशीच्या हातातून कात्री निसटली. बाईने ती उचलून दिली, सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, पण विचारलं काहीच नाही. निघताना मात्र म्हणाली, "ताई, उद्या सकाळी माझा सराव बघायला या ना. भाचीलाही आणा."

गेलो. गवत अजून ओलं होतं. तिच्या पिशवीत चकचकीत, पातळ पात्यांच्या लोखंडी काठ्या होत्या आणि त्यांच्यात एक फुगीर डोक्याची, बुटकी वाटणारी काठी. मावशी माझ्या कानाशी लागली, "अगं, ही तर पेन्शनरांची काठी! आपल्याकडे येणारे आजोबा वापरतात. बाकीचे हसतात त्यांना."

बाईने ऐकलंच. "मलाही हसायच्या बरोबरीच्या खेळाडू," ती म्हणाली. "आधी हिच्या जागी लांब लोखंडी काठी होती. मारायला अवघड, म्हणून जवळ बाळगण्यात मोठा मान! तिचा चेंडू खालून जायचा, झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर पडायचा आणि घरंगळत पार पलीकडे. तरी हट्टाने तीच वापरत होते."

"मग?"

"मग एकदा वाटलं, मी कुठल्या काठीने मारला ते चेंडूला थोडंच कळतं?"

एवढं बोलून ती उभी राहिली. काठी मागे गेली, आली. आवाज अगदी लहान, दाराची कडी लागल्यासारखा. चेंडू वर चढला. चढतच राहिला, झाडांच्या शेंड्यांच्याही वर. तिथे क्षणभर तो थांबला, असं मी आजही शपथेवर सांगेन. मग अलगद उतरला, दूरच्या झेंड्यापाशी टेकला आणि तिथेच बसला, झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसा.

मावशीचा हात तोंडावर गेला होता. "पुन्हा मारता?" तिने विचारलं, लहान पोरीसारखं.

बाईने पुन्हा मारला. पुन्हा तेच. हसू येण्यासारखं काहीच नव्हतं त्या काठीत. त्या उंचीवर पोचायला तिने आधी आपला तोरा खाली ठेवला होता, हे मला पुष्कळ नंतर उमगलं. मावशीला बहुधा तिथल्या तिथे उमगलं, कारण परतताना ती माझ्या पुढे झपाझप चालत होती.

दुकानात शिरल्या शिरल्या तिने खोकं उघडलं. नव्या कात्रीची सवय माझ्या केसांवर झाली. महिनाभर माझे केस एकीकडून आखूड, दुसरीकडून लांब. शाळेत माझी यथेच्छ टिंगल झाली. हळूहळू मावशीचा हात बसला. सूजही ओसरत गेली.

त्या आठवड्यातली स्पर्धा ती खेळाडू जिंकली नाही, तिसरी आली. शेवटच्या दिवशी दुकान बंद ठेवून मावशी प्रेक्षकांच्या दोरीला खेटून उन्हात उभी होती आणि प्रत्येक फटक्याला मान वर करत होती.

दोनेक महिन्यांनी जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई आरशातून बघत म्हणाली, "ही कसली गं कात्री? अशी कधी पाहिली नाही."

"सोपी आहे," मावशी म्हणाली. "मान जरा खाली घ्या."