विचारल्याशिवाय पत्र नाही

हिंगोली जिल्ह्यात आजवर ज्या ज्या माणसांनी काही ना काही विकलं असेल, त्या सगळ्यांत 'यंदा घेऊ नका' हे वाक्य सर्वांत जास्त वेळा आमच्या थोरल्या साडूंनी उच्चारलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. कुरुंद्याच्या शाळेत उभी हयात शिकवून ते निवृत्त झाले होते आणि घरी हळदीचं रान होतं. दोन हजार सालानंतर मी हिंगोलीत चार संगणक मांडून इंटरनेटचं दुकान टाकलं, तेव्हा पुण्या-मुंबईला गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना घरची दळलेली हळद पार्सलने पाठवावी आणि तिची खबरबात ई-मेलने कळवावी, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या पहिल्याच पत्रात वाक्य होतं, 'या वर्षी हळद शिजवताना थोडी जास्त शिजली आहे, रंग फिका आहे, गरज नसेल तर घेऊ नका.' मी कपाळावर हात मारला. पण त्याच आठवड्यात पत्र मिळालेल्या बहुतेकांनी हळद मागवली.

दर सोमवारी ते एसटीने हिंगोलीला येत, कोपऱ्यातल्या संगणकापुढे मांडी घालून बसत आणि उजव्या हाताच्या एका बोटाने पत्र लिहीत. तेव्हा संगणकावर मराठी अक्षरं उमटवणं मोठं तकलिफीचं काम होतं, म्हणून सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांत मराठी. 'हळदीला कीड लागली' असं त्यांनी एकदा लिहिलं, तर पुण्याच्या एका विद्यार्थ्याच्या सुनेने तो 'कीड' शब्द इंग्रजीतला 'किड' समजून सासऱ्याला विचारलं, "बाबा, हळदीला लेकरू झालं का?" दाजींनी पुढच्या सोमवारी साऱ्यांना खुलासा पाठवला, आणि 'लेकरू झाल्यास अवश्य कळवू' असंही लिहिलं. पत्र पुरं झालं की ते दुकानभर मोठ्याने वाचून दाखवत. परवलीचा शब्दसुद्धा ते टाइप करताना एकेक अक्षर खड्या आवाजात म्हणत. मी दटावलं तर म्हणाले, "इथं तुमीच तर हाव. तुमच्यापासून काय लपवायचं, साडभाऊ?"

पण त्यांचा खरा हट्ट यादीचा होता. माणसाने स्वतः होकार दिल्याशिवाय त्याला पत्र जायचं नाही, आणि एका होकारावर तर दाजींचा विश्वासच नसे. कळमनुरीच्या एका लग्नात त्यांचा जुना विद्यार्थी भेटला. त्याने पत्रिकेच्या पाठीवर आपला ई-मेलचा पत्ता लिहून दिला. दाजी म्हणाले, "आता पंगतीच्या घाईत व्हय म्हणून राहिला तू. घरी जा, दम खा, मग कळव." तो बिचारा पंधरा दिवसांनी पुण्याहून फोन करून 'खरंच पाठवा गुरुजी' म्हणाला, तेव्हा कुठे त्याचं नाव यादीच्या वहीत चढलं. एकाने 'पत्र बंद करा' असं दोन शब्दांत कळवलं, त्याला दाजींनी आभाराचं लांबलचक उत्तर लिहिलं. मी चिडलो, तर म्हणाले, "राग काहून धरायचा? न वाचता फेकून देन्यापरीस तोंडावर सांगितलं, हा तर इज्जतदार मानूस." अशाने तीन वर्षांत त्यांच्या यादीत दीडशे नावंही झाली नाहीत. पण त्यातले बहुतेक लोक उलट पत्र लिहीत. हळदीबद्दल कमी, आईच्या गुडघ्यांबद्दल जास्त.

मला ते बघवत नव्हतं. मला वाटे, एवढा खरा माणूस आणि दीडशेच लोक! त्या काळात हिंगोलीतल्या निम्म्या लोकांचे ई-मेल मीच उघडून दिलेले. सातआठशे पत्ते माझ्या रजिस्टरात पडून होते. त्या वर्षी हळद अमाप पिकली. दाजी तापाने अंथरुणाला खिळले आणि दोन सोमवार आले नाहीत. मी त्यांच्या पत्त्यावरून, त्यांच्याच परवलीच्या शब्दाने, त्यांच्या नावाचं पत्र लिहिलं. वर मथळा दिला, 'आज शेवटचा दिवस! जिल्ह्यातली सर्वोत्तम हळद!' आणि त्यांच्या यादीसकट सगळ्या पत्त्यांवर पाठवून दिलं. बरे होऊन येतील तेव्हा मागण्यांचा ढीग दाखवू, या आनंदात मी होतो.

दाजी आले. खुर्चीवर बसून त्यांनी आलेली पत्रं उघडली. मागण्या होत्याच, बऱ्याच होत्या. शिव्याही होत्या. 'माझा पत्ता तुम्हाला कुणी दिला?' असं कितीतरी जणांनी विचारलं होतं. पूर्वी त्यांच्याच शाळेत शिक्षिका असलेल्या आणि आता संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, मुलाकडे राहणाऱ्या एका बाईंनी एकच ओळ लिहिली होती : 'गुरुजी, हे तुमचं पत्र न्हाई. तब्येत बरी हाय ना?'

ती ओळ त्यांनी मोठ्याने वाचली नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "साडभाऊ, ज्यायला ज्यायला गेलं, त्यायची नावं द्या."

"दाजी, तुमच्या भल्यासाठीच…"

"मला ठाव हाय. नावं द्या."

मी यादी दिली. त्यानंतर कित्येक सोमवार दाजी येत राहिले आणि त्या एका बोटाने एकेकाला स्वतंत्र पत्र लिहीत राहिले. सगळ्यांना एकच मजकूर एकदम पाठवता येतो, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "येकदम पाठवूनच तर घोटाळा झाला." माफीच्या त्या पत्रांत माझं नाव कुठेच नव्हतं. 'आपणास न विचारता पत्र पाठवले, चूक माझी आहे,' एवढंच. मी शेजारी बसून गिऱ्हाइकांचे फॉर्म भरत होतो आणि 'चूक माझी' हे शब्द त्यांच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा उमटताना बघत होतो. 'दाजी, चुकलं माझं,' असं म्हणायला मला तेवढे सगळे सोमवार होते. मी त्यांना चहा मागवत राहिलो.

शेवटच्या माणसाला पत्र गेलं, तेव्हा ते उठले, माझ्या पाठीवर हात ठेवून "येतो" म्हणाले, आणि परत दुकानात आले नाहीत. भांडण अजिबात नाही. सणासुदीला आम्ही कुरुंद्याला जायचो, ते आग्रह करकरून वाढायचे, मुलांच्या शाळेची चौकशी करायचे. पुढे कुणाकडून तरी कळलं की वसमतला एक दुकान निघालंय आणि दाजी तिथून पत्रं पाठवतात. लोकांनी त्यांना केव्हाच माफ केलं होतं, यादी वाढलीही होती. सेनगावच्या एका लग्नात एक अनोळखी माणूस मला सांगत होता, "गुरुजींचं पत्र म्हंजे घरचंच पत्र, बरं का! काय लिहितात!" मी मान डोलावली. मला काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांचं पत्र मी त्यांच्याच तोंडून ऐकत आलो होतो. त्यांच्या यादीत माझं नाव कधी नव्हतंच.

त्यानंतर दाजी आणखी चार वर्षं हयात होते. मी विचारलं असतं, तर वहीत माझं नाव घालायला ते नाही म्हणाले नसते. फार तर पंधरा दिवस थांबायला लावलं असतं. 'दाजी, मलाही पत्र पाठवत जा,' एवढंच लिहायचं होतं. दुकानात चार संगणक होते, दिवसभर मी त्यांच्याच पुढे बसलेला असे.